घर स्वतःचे की भाड्याचे? आधी हिशेब, मग निर्णय

शाळांचे निकाल लागले आणि भाड्याच्या खोलीचे अकरा महिने संपत आले, की आपल्या अनेक घरांत एकच विषय निघतो. "आणखी किती दिवस दुसऱ्याच्या घरात राहायचे? भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. त्यापेक्षा कर्ज काढू, पण स्वतःचे घर घेऊ." हे बहुधा घरातील आई बोलते, कारण दरवेळी भांडीकुंडी बांधायचे आणि नव्या शेजारात पुन्हा ओळखी करायचे काम तिच्याच वाट्याला येते. वडील गप्प बसतात, कारण पगारातून हातात काय पडते हे त्यांना ठाऊक असते. मग एखादा नातेवाईक बदलापूर, टिटवाळा किंवा नालासोपाऱ्याची स्वस्त जागा सुचवतो आणि रविवारी जागा बघायला गेलेले कुटुंब टोकन देऊनच परत येते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. दिवसभर आकडे लिहायचे आणि संध्याकाळी वस्तीतील लोक जे कागद घेऊन येतात ते वाचून दाखवायचे, हा आमचा नित्यक्रम. त्यावरून आमचे असे मत झाले आहे की भाड्याचे प्रत्येक घर वाईट नसते आणि मालकीचे म्हटले जाणारे प्रत्येक घर खरोखर आपल्या मालकीचे नसते. घर घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हप्ता पगारात बसतो का? कागद खरे आहेत का? मुलांचे शिक्षण सुरक्षित राहते का? तिन्ही उत्तरे 'होय' असतील तर अवश्य घर घ्यावे. एकही उत्तर 'नाही' असेल तर आणखी काही वर्षे भाड्याने राहण्यात कोणताही कमीपणा नाही.

भाडेकरूचे दुःख खोटे नाही

भाड्याने राहणाऱ्याचा त्रास आम्ही कमी लेखत नाही. दर अकरा महिन्यांनी भाडे वाढते. दलालाला पुन्हा एक महिन्याचे भाडे द्यावे लागते. मुलाची शाळा लांब पडते, आधार कार्डावरील पत्ता बदलावा लागतो, मतदार यादीतील नाव मागे राहते.

आणि आपल्या लोकांना आणखी एक त्रास आहे. जागा पसंत पडते, भाडे ठरते, मग प्रश्न येतो, "आडनाव काय तुमचे? मूळ गाव कुठले? घरात मांस-मच्छी चालते का?" भिंतीवर कोणाची तसबीर लागणार हे मालकाने ओळखले, की दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन येतो, "साहेब, ती जागा गेली." खरे कारण कोणी तोंडाने सांगत नाही, त्यामुळे तक्रार करायची तर पुरावा हाती नसतो. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. या गोष्टीला शंभर वर्षे उलटून गेली. तरीही "आडनाव काय?" हा प्रश्न संपलेला नाही. म्हणून आपल्या माणसाला स्वतःच्या घराची ओढ इतरांपेक्षा जास्त असते, आणि ती रास्त आहे. पण ओढ रास्त आहे म्हणून हिशेब टाळता येत नाही.

हप्त्याचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा २५ लाखांची लहान सदनिका आहे. ५ लाख आपले आणि २० लाख बँकेचे कर्ज, मुदत २० वर्षे. व्याज हिशेबासाठी ९ टक्के धरू. महिन्याचा हप्ता येतो सुमारे १८ हजार रुपये. वीस वर्षांत बँकेला एकूण सुमारे ४३ लाख जातात, म्हणजे २० लाखांवर २३ लाख व्याज.

आता पहिल्या महिन्याचा हप्ता पाहू. १८ हजारांपैकी १५ हजार व्याजात जातात आणि मुद्दल फक्त सुमारे ३ हजारांनी कमी होते. पाच वर्षे न चुकता हप्ते भरले तर बँकेत सुमारे १० लाख ८० हजार जमा केलेले असतात, आणि तरीही कर्ज उरलेले असते सुमारे १७ लाख ७४ हजार! म्हणजे पाच वर्षांत मुद्दल फिटले सव्वादोन लाखांच्या आसपास. भाडे पाण्यात जाते असे म्हणणाऱ्यांनी हे व्याज कोठे जाते, याचाही विचार करावा.

शिवाय सुरुवातीचा खर्च वेगळा. मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, ठाणे-पुण्यासारख्या शहरांत ७ टक्के. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. २५ लाखांच्या घराला हे दोन्ही मिळून सुमारे २ लाख होतात. बांधकाम चालू असलेले घर घेतले तर त्यावर जीएसटी. मग ग्रिल, वीज मीटर, सोसायटीची अनामत. ज्याने आपले ५ लाखच मोजून ठेवले आहेत, तो येथे सावकाराच्या दारात जातो.

आपल्या ऐपतीचा आकडा काढायची सोपी रीत आहे. वीस वर्षांच्या कर्जाला ९ टक्के दराने दर लाखामागे महिना ९०० रुपये हप्ता पडतो. घरात मिळून हातात येणाऱ्या पैशाचा तिसरा भाग काढा. नवरा-बायको मिळून ३६ हजार आणत असतील तर तो होतो १२ हजार. त्याला ९०० ने भागा, म्हणजे सुमारे १३ लाख. एवढेच कर्ज झेपेल. ओव्हरटाइम या हिशेबात धरू नये, कारण तो बंद होतो. कंत्राटी नोकरी असेल तर हात आणखी आखडता घ्यावा.

बदलत्या व्याजदराचे कर्ज असेल तर दर वाढल्यावर बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेकांची कर्जे काही वर्षांनी लांबली. म्हणून दरवर्षी बँकेतून कर्जाचे विवरणपत्र आणून किती हप्ते उरले ते पाहावे. बोनस मिळाला तर तो कर्जात भरावा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाच्या शेवटी ५० हजार जादा भरले तर शेवटचे सुमारे १४ हप्ते, म्हणजे अडीच लाखांचे ओझे कमी होते. बदलत्या व्याजदराचे घरकर्ज मुदतीपूर्वी फेडणाऱ्या व्यक्तीला बँक दंड लावू शकत नाही.

मग भाड्यानेच राहावे काय?

तीच सदनिका भाड्याने घेतली तर समजा ८ हजार भाडे आहे. मालकाला हप्ता आणि सोसायटीचा खर्च मिळून महिना साडेएकोणीस हजार पडतात. फरक साडेअकरा हजारांचा. भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले असे धरले, तरी पाच वर्षांत या फरकाचे, व्याज न धरता, सुमारे ६ लाख ४० हजार होतात. घर घेणाऱ्याचे त्याच काळात सव्वादोन लाख मुद्दल फिटलेले असते. घराची किंमत चांगली वाढली तर तो पुढे जाईल. किंमत तेथेच राहिली तर भाडेकरू पुढे राहील.

पण येथे खरी अडचण आहे. हा फरक खरोखर शिल्लक पडतो का? आपल्या घरांत हातात राहिलेला पैसा भाचीच्या लग्नाला जातो, गावच्या आजारपणाला जातो, नव्या मोबाईलला जातो. बँकेचा हप्ता मात्र पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापला जातो. ज्याला सक्तीशिवाय शिल्लक टाकता येत नाही, त्याच्यासाठी कर्जाचा हप्ता ही सक्तीची बचत ठरते. मालकीच्या घराच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे.

दुसरा मुद्दा म्हातारपणाचा. खाजगी कारखान्यातील कामगाराला प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शन योजनेतून मिळते तरी किती? २०१४ साली या पेन्शनची किमान रक्कम महिना १,००० रुपये ठरवण्यात आली. एवढ्यावर भाडे भागत नाही. साठीनंतर डोक्यावर स्वतःचे छप्पर हवेच. म्हणून आमचे म्हणणे असे की घर तिशीत झालेच पाहिजे असे नाही, पण निवृत्तीपूर्वी झाले पाहिजे आणि त्याचे कर्जही तोपर्यंत फिटले पाहिजे. पंचेचाळिसाव्या वर्षी वीस वर्षांचे कर्ज घेणाऱ्याने शेवटचे हप्ते कोण भरणार ते आधी ठरवावे. ते मुलाने भरावेत, असे त्याला न विचारता गृहीत धरू नये.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. चेंबूर-घाटकोपरची खोली सोडून कुटुंब बदलापूरला गेले, की फक्त भाडे वाचत नाही. रेल्वेचा पास येतो, रोजचे तीन-चार तास प्रवासात जातात. चार घरची कामे करणाऱ्या ताईची कामे सुटतात आणि नव्या ठिकाणी ती लगेच मिळत नाहीत. तिचे महिना आठ हजार गेले, तर स्वस्त घर स्वस्त राहिले का? हा आकडा हिशेबात लिहिलाच पाहिजे.

कागद खरे आहेत का?

जागा बघताना टाइल्स आणि बाल्कनी पाहिली जाते, कागद नंतर. क्रम उलटा हवा.

पहिले म्हणजे, पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेल्या करारामुळे किंवा कुलमुखत्यारपत्रामुळे घराची मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्पष्ट केले आहे. खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदले गेले तरच मालकी. वस्त्यांमधील कित्येक 'विकत घेतलेल्या' खोल्यांचा व्यवहार अजूनही नोटरीवरच चालतो. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेली सदनिका ठरावीक वर्षे विकता येत नाही. त्या मुदतीत कोणी ती स्वस्तात देऊ केली, तर स्वस्त का आहे हे ओळखावे.

दुसरे, इमारत अधिकृत आहे का? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे दगावली. कल्याण-डोंबिवलीत तर बनावट कागदपत्रांवर महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारती उघडकीस आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणारी कुटुंबे कष्टकरी होती, त्यांच्यावर कर्जे होती, आणि आमची काय चूक असा त्यांचा प्रश्न होता. म्हणून केवळ महारेराचा क्रमांक पाहून थांबू नये. बांधकाम परवानगी महापालिकेत जाऊन पडताळावी. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजेच ओसी मागावी. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहावे. जुनी सदनिका असेल तर आधीचे सर्व करार, इंडेक्स टू, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र आणि बँकेचे कर्ज बाकी नसल्याचा दाखला घ्यावा. वकिलाला दोन-पाच हजार देऊन तीस वर्षांचा शोध घ्यावा. पंचवीस लाखांच्या व्यवहारात तेवढे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

तिसरे, नोंदणीकृत करार करण्यापूर्वी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, असे २०१६ च्या रेरा कायद्यात आहे. "अर्धे पैसे रोख द्या, करार नंतर करू" असे कोणी म्हणाले, की तेथून उठावे.

भाड्याने राहायचे तर असे राहा

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. करार अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, हे दलालाचे म्हणणे आपल्या राज्यात चालत नाही. पण हाही कायदा लक्षात ठेवावा, की मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाडे भरावे लागू शकते.

भाडे बँकेतून द्यावे. अनामत रकमेचा आकडा करारात लिहून घ्यावा. 'हेवी डिपॉझिट'पासून सावध राहावे. तीन-चार लाख एकदम द्यायचे आणि भाडे द्यायचे नाही, हा व्यवहार गोड वाटतो. पण मालकाने बँकेचे हप्ते थकवले तर बँक ती जागा ताब्यात घेते आणि आपले पैसे मालकाकडे अडकतात.

ज्यांच्याकडे जुन्या चाळीतील पागडीची किंवा सरकारी भाड्याची खोली आहे, त्यांनी ती घाईने सोडू नये. तिच्या भाड्याला कायद्याचे संरक्षण आहे. बीडीडी चाळींचेच पाहा. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहिलेल्या वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या मालकीच्या सदनिकांच्या चाव्या मिळाल्या. अशा वेळी आजोबांच्या नावाची भाडेपावती सोन्याहून मोलाची ठरते. पावत्या, वीजबिले, मृत्यूचे दाखले, वारसाची नोंद हे सर्व एका पिशवीत नीट ठेवावे.

आणि भाड्याने राहत असतानाच घराची तयारी करावी. पगार झाला की आधी ठरलेली रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी, मग बाकीचा खर्च.

योजना आणि घरातील बाईचे नाव

म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के सदनिका राखीव असतात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. जाहिरात आल्यावर धावपळ करून ते होत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, सोडतीला दलाल लागत नाही. "नंबर लावून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भागासाठीचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. त्यात वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला घरकर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान ठरले आहे. ही रक्कम जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांपर्यंत आहे. गावाकडे स्वतःची जागा आहे पण घर कच्चे आहे, अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. तेव्हा गावठाणातील जागेचा उतारा आपल्या नावावर आहे का, ते पुढच्या सुट्टीत पाहून यावे.

आणि घर घेताना घरातील बाईचे नाव कागदावर घालावे. राज्यात १ एप्रिल २०२१ पासून घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २५ लाखांच्या घराला २५ हजार वाचतात. पण पैशापेक्षा दुसरी गोष्ट मोठी आहे. पती गेल्यावर दिराने किंवा मुलाने घराबाहेर काढलेल्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. मंगळसूत्र मोडून टोकन भरणाऱ्या बाईचे नाव करारात नसावे, हे आपल्या समाजाला शोभत नाही.

शिक्षण थांबवून घर नको

शेवटचा प्रश्न मुलांचा. हप्ता सुरू झाला की पहिली कात्री मुलांच्या शिक्षणाला लागते. मुलगी बारावी झाली, पुढचे शिक्षण महाग, "आता हप्ता आहे, तू कामाला लाग." असे घर आम्हाला मान्य नाही. ते घर वीस वर्षांनी आपले होईल, पण तोपर्यंत मुलीचे वय परत येणार नाही.

बाबासाहेबांचे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत १९१२ ते १९३४ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे भाड्याने राहिले. न्यूयॉर्क आणि लंडनचे शिक्षण, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा हे सर्व त्याच काळातले. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले ते ऐपत आल्यावर, आणि बांधताना पुस्तकांच्या जागेचा विचार आधी झाला. रमाईंना मात्र त्या घरात फार काळ राहता आले नाही. २७ मे १९३५ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. भाड्याच्या दोन खोल्यांत शिक्षण अडले नाही, हे आपण पाहावे. आणि घरासाठी खस्ता खाणाऱ्या बाईच्या वाट्याला घराचे सुख वेळेवर यावे, हेही पाहावे.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी जागा बघायला जाण्याआधी घरातच बसा. एक वही घ्या. पती, पत्नी आणि कळती मुले, सर्वांनी मिळून लिहा: हातात येते किती, भाडे किती, शाळेचा खर्च किती, गावाला जाते किती, शिल्लक किती. तिसऱ्या भागाचा आकडा काढा. मग जागेचे कागद मागा आणि ते जाणकाराला दाखवा. टोकन त्यानंतर. हिशेब जुळला तर आनंदाने गृहप्रवेश करा. नाही जुळला, तर नोंदणीकृत करार करून भाड्याच्या घरातच राहा, दरमहा ठेवीत पैसे टाका आणि मुलांना शिकवत राहा.